पगार नावाचं फोल्डर

आमच्या सर्व्हरवर एक फोल्डर आहे, 'पगार'.
सातपूरच्या या शेडमध्ये नवा लागलेला प्रत्येक जण
पहिल्याच आठवड्यात त्यावर क्लिक करून बघतो.
पासवर्ड मागितला की इकडेतिकडे बघतो,
खोकतो, खिडकी बंद करतो.
महिन्याभरानं कळतं
आत कुणाचाच पगार नाही.
पगार आडनावाचे गृहस्थ आहेत, टूलरूमचे,
तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन कळवणला गेलेले,
आणि त्यांनी काढलेली
जिग-फिक्श्चरची अठराशे ड्रॉइंगं.

ड्रॉइंगवाल्या आम्हा सहा जणांना पासवर्ड पाठ:
इंग्रजी अक्षरांत कळवण, पुढे सतरा चाळीस.
कळवण कळण्यासारखं.
सतरा चाळीसवरून मात्र डबा खाताना वाद.
स्टोअरचे निकम म्हणत, जुन्या लेथचा नंबर.
इतिहासाची आवड असलेला तुषार बच्छाव म्हणे,
बाजीराव गेले ते साल, दुसरं काय असणार.

मग चाकणहून मेल आला: शुक्रवारच्या आत बदला,
यापुढे दर नव्वद दिवसांनी बदला,
कागदावर लिहून चिकटवू नका.
बदलायचं माझ्याकडे.
उगाच, परवानगी घ्यावी तसा फोन लावला.

मागे कुणीतरी बोअरची मोटार चालू करत होतं.
"अगं, गाडी ती. शनिवारची.
पाचला सुटी, सातपूरहून सीबीएस,
सतरा चाळीसला कळवण.
चुकली की खोलीवर मुक्काम, रविवार पाण्यात.
म्हणून रोज हाताखालून जाईल अशी लिहून ठेवली."
आता आहे का हो ती गाडी?
"कोण जाणे. मला कुठे जायचंय आता?
बदल तू. कुलूप आहे ते, देव्हारा नाही."

बदलला.
आठ अक्षरं हवीत, एक मोठं, एक चिन्ह,
आणि जुन्यासारखा नको, असं मशीनचं म्हणणं.
नवा काय ठेवला ते इथेही सांगणार नाही.

लगेच सगळ्यांच्या झेड ड्राइव्हवर लाल फुली.
निकम दारातून ओरडले, "मॅडम, झेड गेला ना भो!"
टेबलाटेबलावर जाऊन
प्रत्येक कॉम्प्युटरनं लक्षात ठेवलेलं पुसलं,
नवं भरलं. चालू झालं.
पंधरा मिनिटांनी पुन्हा बंद.
खातं लॉक. उघडलं. पुन्हा लॉक.
बच्छावला विचारलं, तू काही केलंस?
त्यानं आईची शपथ घेतली.

साडेसहाला शेड रिकामी झाल्यावर लॉग वाचायला बसले.
कुणीतरी दर पाच मिनिटांनी
येऊन दार वाजवत होतं, जुन्या शब्दानं,
तीनदा चुकलं की आम्हा सगळ्यांना कुलूप.
पत्ता शोधत शोधत गेले
तर डिस्पॅचच्या कोपऱ्यात, कॉम्प्रेसरच्या मागे,
धुळीनं पांढरा झालेला स्कॅनर.
पगारसाहेबांनीच जोडलेला.
त्याला मेल आला नव्हता.
तो आपला सतरा चाळीस, सतरा चाळीस.

त्याला कीबोर्ड नाही, फक्त दोन बाण आणि ओके.
एका अक्षरासाठी सगळी बाराखडी फिरवावी लागते.
चिन्हापाशी पोचता पोचता एकदा पुढे गेले,
पुन्हा पहिल्यापासून.
बाहेर त्र्यंबक रोडचे हॉर्न विरळ होत आले.
आठ वाजता तो एकदा गुरगुरला
आणि माझं रिकामं पान
निमूटपणे फोल्डरमध्ये ठेवून आला.

सोमवारी चहा यायचा होता.
डोळे पुरते उघडले नव्हते, झेड उघडायला गेले,
तर बोटं आपली आपण
कळवणला जाऊन पोचलेली.
एकेक अक्षर पुसत
त्यांना परत सातपूरला आणलं.