बॅटरी लागते का

लॅमिंग्टन रोडला, परकारच्या काउंटरवर
दोन फोन शेजारी शेजारी.
तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर.
एकात माझी सिस्टिम दोन मिनिटांत उठून बसली.
दुसऱ्याचा पडदा काळाच,
नुसता थरथरला एकदा,
झोपेतल्या माणसाने हाकेला
अंगानेच ओ द्यावी तसा.

"याची काच दोनदा बदललीय," परकार म्हणाला,
"आतली चिप कुणाची, ते आता त्या काचेलाच ठाऊक."

म्हणजे मॉडेल हे खोक्यावरचं नाव फक्त.
आत ज्याचा त्याचा संसार:
काच मनीष मार्केटची,
स्पीकर कुठल्याशा मेलेल्या फोनचा,
चार्जिंगचं तोंड परकारनेच बसवलेलं, किंचित तिरकं.

माझगावला, घरी, रात्री
त्या फोनचं झाड लिहायला बसले.
झाडच म्हणतात त्याला:
कुठल्या फांदीवर कोण बसलंय,
कोण कुठल्या तारेने बोलतं,
किती व्होल्टला जागं होतं.
कंपनीने झाड दिलं होतं,
पण अर्धी पानं खोटी,
उरलेली दुसऱ्याच फोनची उतरवलेली.
ड्रायव्हर म्हणाल तर बंद डब्या,
आत काय ते विचारू नका,
जशाच्या तशा उचलून ठेवा.

दहा हजार आठशे रोख मोजून घेतलेला फोन
आणि माणूस त्यात पागडीचा भाडेकरू.
खिळा मारायचा तरी मालकाला विचारा,
मालक तर केव्हाच
नव्या मॉडेलमध्ये राहायला गेला.

तिसऱ्या रात्री पडदा लागला.
बोट उजवीकडे ठेवलं की डावीकडे उमटायचं.
एक उणे चिन्ह.
त्या एका चिन्हापायी भात करपला.
मग रेंज आली, मग आवाज,
मग माइक, जो चार दिवस
फक्त पंख्याचं ऐकत होता, माझं नाही.

कॅमेरा आला नाही.
यादीत लिहिलं: चालतं, चालतं, चालतं,
कॅमेरा, चालत नाही.
यादी मिटली.

फोन घाडीगावकरांचा.
महापालिकेत चावीवाले.
पहाटे साडेतीनला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
माणसाएवढी लोखंडी चावी खड्ड्यात सोडायची,
मोजून फेरे द्यायचे,
की चार गल्ल्यांतले नळ फुसफुसायला लागतात.
सगळ्या व्हॉल्व्हना एकच चावी.
मला हेवा वाटला.

त्यांनी फोन तळहातावर तोलून पाहिला.
कॅमेऱ्याचं सांगितलं, तर
"फोटो कुणाचे काढू, व्हॉल्व्हचे?"
मग म्हणाले, "बॅटरी लागते का?"
"ब्याऐंशी टक्के आहे. दीड दिवस जाईल."
"ती नव्हे ओ. बॅटरी. उजेड."

उजेड.
तो कॅमेऱ्याच्या फांदीवर होता.
तांदळाच्या दाण्याएवढा दिवा,
त्याची वीज कॅमेऱ्याच्या हातून जाणारी
आणि कॅमेऱ्याच्या डबीला कुलूप.
माझ्या यादीत त्याची ओळसुद्धा नव्हती.

आणखी दोन रात्री.
डबी उघडली नाही, उघडणारही नव्हती.
शेवटी दिवाच त्या घरातून वेगळा काढला,
त्याची चूल निराळी मांडली:
ही पिन, हिला वीज द्या,
कुणाला विचारू नका.

परवा पहाटे खिडकीतून दिसलं,
झाकण बाजूला,
खड्ड्यातून वर आलेला पांढरा उजेड
समोरच्या भिंतीवर पाइपाची सावली हलवत होता.
मंद करता येत नाही तो. एक तर भगभगीत, नाही तर नाहीच.
आणि फोन आला की विझतो.
ते का, अजून सापडलेलं नाही.

घाडीगावकरांना सांगितलं तसं.
ते चावी खांद्यावर घेत म्हणाले,
"साडेतीनला मला कोण फोन करतंय?"