मधली नळी

विहीर खणताना पाणी लागलं
की आपल्याकडे गूळ वाटतात.
इथे, लुबिनच्या पलीकडे, बीटाच्या शेतात
पाणी लागलं की माणसं वर पळतात.

खाली तीनशे मीटर नुसती ओली वाळू,
सैल, अंगात कणा नसलेली.
कुझाफ्का म्हणतात तिला.
भोक पाडलं की त्याच भोकातून आत येते,
शिडी, पंप, कंदील पोटात घेऊन
परत निजते.
तांबं तिच्याही खाली आहे.

म्हणून आधी गोठवायचं.
रिंगणात चाळीस नळ्या,
त्यांतून फिरणारं उणे तीसचं खारं पाणी.
ऑगस्टात बायका उघड्या दंडांनी बीट खुरपतात
आणि नळ्यांवर बोटभर पांढरं हिव.
वालेन्ती तिथे दुधाची बाटली टेकवून ठेवतो.

वालेन्ती श्चेर्बा, रात्रपाळी.
काम एकच: रिंगणाच्या मधोमध
एकेचाळिसावी नळी आहे,
तिच्यात दोरी सोडायची, पाणी कुठवर आहे ते पाहायचं,
वहीत लिहायचं.
जून, अठरा मीटर. जुलै, अठरा.
ऑगस्ट, अठरा.

साहेब विचारतात, भिंत झाली का?
कुणाला दिसते? ती खाली, अंधारात,
एका नळीचा बर्फ दुसरीच्या बर्फाकडे सरकतोय,
हातभर राहिलं असेल,
किंवा तिथे कुठेतरी पाणी मुरत असेल.
सगळं रिंगण बंद, आणि एक फट.

वालेन्तीचं गाव आता दुसऱ्या देशात आहे.
सरहद्द सरकली तेव्हा
दोरी टाकून कुणी मोजलं नव्हतं.
इथे मिळालेल्या घरात फडताळात
दुसऱ्याच कुणाच्या बशा होत्या, सहा,
एकीचा कान उडालेला.
तो अजून तिच्यातच चहा पितो.

सप्टेंबरातल्या एका रात्री
दोरी लवकर भिजली. सोळा.
त्याने ती विजारीला पुसली, परत सोडली. सोळा.
दुसऱ्या रात्री अकरा. तिसऱ्या रात्री चार.
बायकोलाही बोलला नाही.

चौथ्या पहाटे पाणी नळीच्या ओठाशी आलं,
क्षणभर फुगून थांबलं,
मग सांडलं.
चहूकडून कोंडलेल्या पाण्याला
वर येण्याखेरीज वाट उरली नव्हती.

खिशात कारखान्याच्या साखरेचा एक तुकडा होता,
तंबाखू लागलेला.
तो त्याने तोंडात टाकला
आणि वहीत लिहिलं:
शून्य. बूट ओले.