सातवं प्रकरण

सातव्या प्रकरणात मी येल्लय्याला मारलं होतं
भर दुपारी, परांचीवर.
सूर्य डोक्यावर, ओठ फुटलेले,
डोळ्यांपुढे काजवे.
छान जमलं होतं. दोनदा मोठ्यानं वाचलंही,
कुकरच्या शिट्ट्यांमधून.

डॉक्टर बुदूर अल-मन्नाईंनी तेवढंच पान मागितलं.
समुद्राचं पाणी गोडं केल्यावर उरतं ते जहाल खारं पाणी,
त्यावर त्यांचं संशोधन;
मी त्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावते.
इंग्रजीत करून दिलं, मोडकंतोडकं.
वाचून म्हणाल्या, "हा दुपारी नाही मरणार.
दुपारी हवा त्यातल्या त्यात कोरडी, घाम वाळतो.
शिवाय बारा ते चार काम बंद, कायदाच आहे.
हा मरेल रात्री आठला.
समुद्रावरून वारा आल्यावर."

वारा आल्यावर?
वहीत तसंच उतरवून घेतलं, आणि पेन थांबलं.
आमच्या भाषेत वारा आला की माणूस
वरची गुंडी सोडतो, हुश्श करतो,
बाज अंगणात ओढतो.
वारा पडला की जीव घाबरतो,
सुटला की जीवात जीव येतो.
चारशे पानं ह्याच समजुतीवर रचली होती मी.

मग शोधनिबंध. एकोणीस, छापून,
मिसळणाच्या डब्याशेजारी.
कळलं ते एवढंच:
थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं.
मग तो दाखवतो तो आकडा हवेचा नसतो,
घामाला अजून किती आशा आहे त्याचा असतो.
तो पस्तिसावर जाऊन बसला की
सावली, पंखा, पाण्याचा तांब्या, तरणं वय,
कशाचंच काही चालत नाही. फार तर सहा तास.
एका निबंधात तर त्याच्या कितीतरी आधीच
तरण्या पोरांची अंगं हार मानत होती,
प्रयोगशाळेत, सायकल मारता मारता.
त्या पानावर हळदीचं बोट उमटलंय माझं.

ऑगस्टमध्ये, मुहर्रकच्या आमच्या गच्चीवर
कपड्यांच्या तारेला दोन थर्मामीटर टांगले.
एकाला पंचाची पट्टी, टोक वाटीतल्या पाण्यात.
कोरडा चौतीस. ओला एकतीस.
वॉचमन रफीकुल टाकीचा कॉक बघायला वर आला.
"दीदी, बुखार किसको?"
म्हटलं, हवेला.
म्हटलं, गोष्ट लिहितेय. सन दोन हजार अडुसष्ट.
एक माणूस, रात्री आठला, वारा आल्यावर...
पुढचं त्यानं ऐकलं नाही.
"आठ नाही," म्हणाला, "सव्वासात."

त्याच्या खोलीतला, खालच्या बाकावरचा सोहाग.
कंपनीच्या बसमधून उतरला,
म्हणाला, आता बरं वाटतंय, वारा आहे,
आणि फुटपाथवर बसला, चपला काढून, शेजारी नीट जोडून.
कागदावर लिहून आलं: नैसर्गिक मृत्यू.
दोन्ही शब्द रफीकुलनं इंग्रजीतच पाठ केलेले.
गेल्या वर्षी का, विचारलं.
नाही, त्याच्या आदल्या.
कॉक पिरगाळून तो खाली गेला.

मीही खाली आले. अडुसष्ट खोडलं.
त्या जागी काही लिहिलं नाही.
येल्लय्याचं नाव तेवढं राहू दिलं,
सोहागचं मागायचं कुणाकडे?
मग एकेक क्रियापद धरून मागे आणलं:
उतरेल, उतरला.
बसेल, बसला.
पान संपता संपता एक वाक्य होतं,
"आणि मग सगळे खडबडून जागे होतील."
ते काही केल्या भूतकाळात जाईना.
तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोटं झालं.
भविष्यातच ठेवलं, एकटंच,
पानाच्या तळाशी.

सकाळी गच्चीवर गेले.
पट्टी ओलीच होती.
वाटीतलं पाणी
रात्री ओतलं तेवढंच.