शेडमधली तोंडी परीक्षा

इडवलनं टॉर्च मारला
बॉयलरच्या पोटात. "हे काय?"
"घसा," नेरिस म्हणाली.
"घशाची प्लेट. पूर्ण नाव घे, रुसते ती."

धुराड्याखाली पेटिकोट असतो
हे कळल्यावर ती इतकी हसली
की काजळी नाकात गेली.
मग सुरसुरणारी झडप नेमकी कुठली,
इंजिनाची की हिची,
सांगता येईना.

"एक्सेंट्रिक. म्हणजे तऱ्हेवाईक.
बायको मला हेच म्हणायची,
आणि तिनं इंजिन कधी
खालून बघितलंही नव्हतं."

बाहेर स्लेटच्या ढिगाऱ्यावर मेंढ्या,
आत चहा गार.
शेवटी नेरिसनंच बोट दाखवलं
एका वाकड्या हुकाकडे:
"आणि हा?"

बावन्न वर्षांची नोकरी
क्षणभर गप्प.
"त्याला," इडवल म्हणाला,
"माझा डबा टांगतो."