बुधवारचा बाजार

डिचोलीत बुधवारी बाजार भरतो.
शांबाबाब पाळयेकर जातो साडेबारानंतर,
जेव्हा ऊन टोपल्यांवर बसतं
आणि मासळीवालीला घरची बस दिसू लागते.
बांगडा सकाळचाच, डोळे अजून स्वच्छ,
फक्त भाव म्हातारा झालेला.
तो कल्ला उचलून बघतो, वास घेतो,
आणि पाचातले चार बुधवार
रिकामी पिशवी घेऊन परततो.
"कितें हाडलें?" काकी विचारते.
"कांय ना," तो म्हणतो,
पोस्टाच्या खिडकीतून म्हणायचा त्याच सुरात.

मी त्याचा पुतण्या. दोन टिप्परांचा मालक होतो.
त्या वर्षांत मातीलाच भाव होता.
ज्याच्याकडे खाण नव्हती त्याच्याकडे ट्रक होता,
ज्याच्याकडे ट्रक नव्हता त्याच्याकडे ट्रकवाला जावई.
रस्ता लाल, तुळस लाल, वाळत घातलेली चादर लाल,
आणि बँकेचा मॅनेजर आपणहून दारात, हसत.
मी म्हटलं, "काका, एक तरी घ्या,
चीनला आपली माती हवी आहे."
तो ओसरीवर कसल्याशा कंपनीचा अहवाल वाचत होता,
शेवटून, तळटिपांपासून.
कोल्हापूरकडची कंपनी, पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणारी,
जिचं नाव मी दोनदा ऐकलं आणि तीनदा विसरलो.
"चीनचं मला माहीत नाही," तो म्हणाला,
"नळ गळतात, एवढं माहीत आहे."

मग चवथीच्या तोंडावर कागद आला
आणि खाणी थांबल्या.
टिप्पर माडाखाली उभे राहिले.
एकाच्या केबिनमध्ये कोंबडी खुडूक बसली,
दुसऱ्याच्या हौद्यात तेरें उगवलं.
हप्ता तेवढा चालू राहिला,
त्याच्यावर कुणी बंदी घातली नव्हती.

"सांगितलं होतं ना" असं तो म्हणाला नाही.
ट्रंकेतून पोस्टाची जुनी वही काढली,
एक पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं:
'सूतगिरणी. अठरा हजार गेले.
हिशेब नीट वाचला, माणूस वाचायचा राहिला.'
पुढे काही नाही. सबबसुद्धा नाही.
"दर चवथीला आधी हे वाचतो," म्हणाला, "मग आरती."

त्याच आठवड्यात तो मला मानशीवर घेऊन गेला.
खाजणाच्या बांधात ते लाकडी दार,
ओहोटीला आतलं पाणी ते आपणच ढकलून उघडतं,
भरतीला बाहेरचं पाणी आपणच मिटतं.
राखणदार बांधावर पाय पसरून झोपलेला.
"ह्याला पगार कशाचा?" मी विचारलं.
"दारात ओंडका अडकू नये म्हणून बघायचा.
बाकी दाराला हात लावला नाही त्याचा."
मी तेव्हा चिडलो होतो. माझ्या डोक्यात हप्ता होता.

ज्या मार्चात सगळं जग कडी लावून बसलं
म्हापशाच्या दलालाचा फोन आला, मी तिथेच होतो.
"विका, बाब. सगळे विकताहेत."
"घेतं कोण?"
"कोणी नाही."
"मग माझ्या नावावर घाल."
आणि तो पेज जेवायला बसला,
वर करमलांचं लोणचं. मी घड्याळ बघत होतो,
त्याने दोनदा पेज वाढून घेतली.

आता त्याला ऐंशी पूर्ण झाली आहेत.
नळ अजून गळतात.
त्याच्या ओसरीचं छप्परही गळतं,
ते मात्र तो शाकारत नाही. काकीचा राग खरा आहे,
हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात तो धरलेला नाही.
मी एकदा विचारलं, "कधी विकणार?"
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी विचारलं असावं
की हा माड कधी उतरवणार.

गेल्या बुधवारी त्याचे गुडघे दुखत होते.
मी एकटाच गेलो, साडेबारानंतर.
कल्ला उचलला. वास घेतला.
"नुसतेच बघता तुम्ही पाळयेकर लोक," बाई म्हणाली.
मी मान हलवली आणि चालू लागलो,
पिशवी रिकामी,
आणि पहिल्यांदाच ती
गाववाल्यांपासून लपवावीशी वाटली नाही.