हक्कसोड

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये चुका शोधल्या.
नाशिकरोडला, ट्यूबलाइटखाली,
कोऱ्या नोटांचे ताव उलटत.
कुठे शाई फुटलेली, कुठे आकडा तिरका,
कुठे केसाएवढी रेघ नको तिथे गेलेली.
बोट आपोआप थांबायचं.
घरी भाकरीतली कचही
पहिल्यांदा माझ्याच दाताखाली यायची.
बायको म्हणायची, तुम्हाला शोधतच येते ती.

शैलाक्काकडे जायला दोन बस आणि एक पूल.
बारा वर्षं पूल तिथेच होता.
पुराचं पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलं,
एका साली गळ्याला.
मी टीव्हीवर बघितलं. पंचवटीत फोन केला नाही.

राखी बांधली तेव्हा मी ताटात कागद ठेवला,
असं बायको लोकांना सांगते. तसं नव्हतं.
ताटात शंभराची कोरी नोट ठेवली होती.
कागद दुसऱ्या दिवशी, निबंधकाच्या कचेरीत.
तिथल्या टेबलाचा एक पाय आखूड होता.
तिनं सही करताना मी ते धरून ठेवलं,
हलू नये म्हणून.
एवढी मदत केली मी तिला.

मखमलाबादचे अकरा गुंठे गेले,
जेलरोडला फ्लॅट आला.
पुंडलिकराव त्याच वर्षी दवाखान्यात होते,
हे मला नंतर कळलं.
नंतर नाही. तेव्हाच कळलं होतं.

आज गेलो. पिशवीत तोच कागद,
आणि तिच्या नावाचा चेक.
बेल बिघडलेली. हातानं दार वाजवलं.
"आलास," म्हणाली. ना प्रश्न, ना आनंद.
"चपला आत काढ, बाहेरून जातात."

चष्मा पुसून तिनं कागद वाचला,
सावकाश, ओळीवर बोट ठेवून.
बोट थांबलं.
"इथे शैलजा लिहिलंय."
मी पाहिलं. शैलजा. तीन ठिकाणी.
"आप्पांनी शाळेत घातलेलं नाव शैला."
"माझ्या लक्षात नाही आलं."
"मला तेव्हाच दिसलं होतं."
"मग बोलली का नाहीस?"
दूध उतू जातंय का बघायला ती उठली.
गॅस बंद होता.

चुकलेली नोट प्रेसमध्ये बाद करतात,
तिच्या जागी दुसरी जाते,
आकड्यात एक बारीक चांदणी घेऊन.
हे मी बसमध्ये जुळवून ठेवलं होतं, तिला सांगायला.
तेवढ्यात खाली भाजीवाला ओरडला.
तिनं खिडकीतून दोरीला टोपली सोडली,
टोपलीत दहाची नोट, मधोमध फाटलेली,
पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीनं जोडलेली.
"चालते ही?"
"त्याच्याकडून मला, माझ्याकडून त्याला.
दिवाळीपासून चाललीय."
टोपली वर आली. मेथी.
चांदणीचं राहूनच गेलं.

चेकची तिनं घडी केली नाही, परतही दिला नाही.
फ्रिजवर ठेवला, विजेच्या बिलाखाली.
"ह्यानं हे काही परत येत नाहीत."
"नाही येत."
मेथी निवडायला घेतली तिनं. मीही एक जुडी ओढली.
"अक्का, चुकलं माझं.
सही करत होतीस तेव्हाच माहीत होतं."
तिची बोटं थांबली नाहीत.
पानं एकीकडे, काड्या एकीकडे.
"कोवळ्या काड्या टाकू नकोस," म्हणाली.

मग घंटागाडी आली.
"ओल्याची बादली ती, सुक्याची ही.
मिसळलंस तर घेत नाही तो."
दोन मजले उतरलो, दोन हातांत दोन बादल्या.
गाडीवरच्या पोरानं आत वाकून बघितलं,
काडीनं वरचं थोडं हलवलं,
मला वरपासून खालपर्यंत बघितलं.
"चालेल," म्हणाला.

रिकाम्या बादल्या घेऊन वर आलो.
दार नुसतं लोटलेलं होतं.
आतून आवाज आला,
"धुऊन ठेव."