पाचाची कडी

सत्तेचाळीस नंबरचा नमुना रामटेककडच्या खाणीतून आला,
वर्तमानपत्राच्या घडीत, सुतळीनं बांधून.
वरून कोळशासारखा.
हातोडीचा एक घाव, आणि आत
पेरूच्या गरासारखा गुलाबी.
कुंभोजकर सर म्हणाले, ऱ्होडोनाइट असावा,
बघ काय म्हणतंय यंत्र.

एरवी आमच्याकडे येते ती उद्यमनगरच्या फौंड्र्यांतली मळी.
तिच्यातही मँगनीज नि सिलिकाच,
पण तिथं चौफुले सुटे सुटे,
कुणी कुणाचा हात धरत नाही.
टेफ्रोइट. राखाडी, जरासा हिरवट.
हा दगड वेगळ्या घरचा.

एक सिलिकॉन, भोवती चार ऑक्सिजन.
चारातले दोन त्याचे एकट्याचे,
दोन शेजाऱ्यांशी निम्मे निम्मे,
सामाईक भिंतीसारखे.
दोन, अधिक अर्धा, अधिक अर्धा.
म्हणून सूत्रात तीनच लिहायचे,
चार दिसत असले तरी.
कॉलेजात हे मला कुणी दोनदा सांगितलं नाही.
मी हुपरीची.
आमच्याकडे प्रत्येक कडी दोन कड्यांची असते.

आई पैंजणाच्या साखळ्या जोडायची, किलोवर मजुरी.
चिमट्यानं उचल, अडकव, दाब.
पाच झाल्या की एक पीळ. पुन्हा पाच.
कुणी हाक मारली तर डावा हात वर करायची,
आधी आकडा पुरा, मग माणूस.
डाख द्यायचं काम आबांचं,
फुंकणीनं गाल फुगलेले, भुवया जळालेल्या.

ऱ्होडोनाइटची साखळीही पाचाची.
सरळ जात नाही. पाच चौफुले वळत, वाकत जातात,
सहावा पहिल्यासारखा उभा राहतो.
साखळ्यांच्या मधे मँगनीज,
त्याला पाच जागा, पाची वेगळ्या मापाच्या.
शेवटची ऐसपैस,
तिथं बहुतेक कॅल्शियम येऊन बसतो
जावयासारखा.
एक कोन काटकोन नाही,
एक बाजू दुसरीएवढी नाही.
तरी स्फटिक.

आणि गुलाबी का, तर
मँगनीजच्या बाहेरच्या अंगाला पाच इलेक्ट्रॉन,
पाच खोल्यांत एकेकटे,
सगळ्यांची तोंडं एका दिशेला.
उजेड गिळायला त्यांना नियमानं मनाई.
गिळतात थोडा, चोरून.
रंग तेवढाच.
उघड्यावर पडला, वारा-पाणी लागलं
की आणखी इलेक्ट्रॉन देऊन बसतो मँगनीज,
आणि काळा पडतो.

दुपारी दोनला यंत्र लावलं.
खिडकीबाहेर सागरमाळावरचं गवत, एक म्हैस.
पडद्यावर शिखरं उगवत गेली, ओळखीची,
मग जिथं सपाट हवं तिथं
एक बारका उंचवटा.
पुडी बदलून पुन्हा लावलं. पुन्हा तोच.
सर चष्मा कपाळावर सारून म्हणाले, पायरॉक्समँगाइट.
रंग तोच, सूत्र जवळजवळ तेच,
साखळी मात्र साताची.
पाच पाच चालता चालता मधेच सात.
खोल कुठंतरी दाब वाढला असेल.

आबा सीपीआरला होते त्या आठवड्यात
पेढीवरच्या जिनगोंडानं एक जोड परत आणला.
भिंगाखाली धरून मोजून दाखवला आईला:
पाच, पाच, सात, पाच.
चांदी त्यांची. वजनावर परत घेतली,
मजुरी कापली.
वितळवलीच असणार.

अहवालात मी लिहिलं,
ऱ्होडोनाइट, सोबत अल्प प्रमाणात पायरॉक्समँगाइट.
चूक असा रकाना आमच्या फॉर्मात नाही.

रात्री आईला फोनवर सांगितलं.
ती जरा वेळ गप्प.
मागं टीव्हीवर कुस्ती चाललेली.
मग म्हणाली, सात पडल्या त्या सुरवातीला, का मधी?
मधी, म्हटलं.
मग दिसायचं न्हाई, ती म्हणाली,
पायात घातल्यावर.